बुधवारी संध्याकाळी सहा, कोणी येवो न येवो

सायकल, डोंगर, नोकरी आणि मित्र या सगळ्यांचा मेळ कसा घालायचा, यावर या वेळी बरीच पत्रं आली. जागेअभावी ती आटोपशीर करून घेतली आहेत. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही. एका कंपनीच्या हिशेब विभागात बसते, ऑफिसला सायकलने जाते आणि सुट्टीला सहकाऱ्यांबरोबर डोंगर चढते. उत्तरं तेवढ्याच अधिकाराने दिली आहेत.

प्रश्न : आम्ही कॉलेजपासूनचे आठ मित्र. सगळ्यांना डोंगरांची आवड. दर महिन्याला ट्रेक ठरतो आणि तारखांचा घोळ सुरू होतो. एकाला जमतं तेव्हा दुसऱ्याला जमत नाही, आणि शेवटी सगळंच बारगळतं. सगळ्यांना जमेल अशी तारीख काढायची काही युक्ती आहे का?

उत्तर : नाही. अशी तारीख सहसा नसतेच. माझ्या धंद्याला धरून हिशेबच मांडते. समजा, तुमच्यातल्या प्रत्येकाला चारांतले तीन रविवार मोकळे मिळतात. नोकरदार, संसारी माणसाला हे भरपूरच झालं. तरीही आठही जण एकाच रविवारी मोकळे असण्याची शक्यता काढायची तर पाऊणला पाऊणने आठदा गुणत जायचं. उत्तर येतं जेमतेम १० टक्के. दहा रविवारांतला एक! त्यात त्या दिवशी पाऊस कोसळला किंवा कुणाला ताप आला, तर तोही गेला. आता हाच हिशेब उलटा करून बघा. त्याच आठांपैकी निदान तिघं मोकळे असण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर जाते. (प्रत्येकाच्या अडचणी स्वतंत्र आहेत असं धरलंय. तुमच्यातल्याच एखाद्याचं लग्न असेल त्या दिवशी हा हिशेब अर्थातच कोसळतो.)

म्हणून तारीख शोधायची बंद करा आणि नेमून टाका. महिन्याचा दुसरा रविवार, पहाटे साडेपाच, अमुक चौक. 'कोण कोण येतंय?' असं विचारायचं नाही. जे उभे असतील ते निघतील. आणि न आलेल्याने कारण सांगायचं नाही, हा नियम तर मी सगळ्यांत वर ठेवेन. एकदा कारणं द्यायची पद्धत पडली, की दोनदा न आलेला माणूस ओशाळतो. तिसऱ्या वेळी त्याला वेळ असतो, पण ओशाळेपणामुळे तो येत नाही. ग्रुप मोडतात ते बहुतेक असेच, भांडणाने क्वचित.

आमच्या ऑफिसचा बुधवारचा सायकल-फेरा याच रीतीने चालतो. संध्याकाळी सहाला मागच्या फाटकापाशी जमायचं, दीड तासात परत. कधी सात-आठ जण असतात, कधी मी आणि आवक-जावक विभागातले एक मितभाषी गृहस्थ. दोघंच असलो तरी फेरा होतो. त्यांच्या तोंडून तेवढ्या वेळात चार वाक्यं निघाली तर खूप, पण सोबत चांगली आहे.

पथ्य एकच, नेमलेला कार्यक्रम छोटा हवा. दर महिन्याला मुक्कामी ट्रेक ठेवलात तर तिसऱ्या महिन्यात घरूनच बंदी येईल. अर्ध्या दिवसात संपेल असा जवळचा डोंगर निवडा, तोच तो पुन्हा पुन्हा केला तरी चालेल. मोठी मोहीम वर्षातून एखादी, आणि तिची आखणी चालता चालता होऊ द्या. तिघंच असाल तेव्हा मळलेली वाट सोडून नवी वाट धुंडाळायला जाऊ नका. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबायला आणि एक मदत आणायला, एवढी माणसं लागतातच, आणि तिघांत जादा कुणी उरत नाही.

प्रश्न : नोकरी, घर, मुलांचा अभ्यास यातून व्यायामाला वेगळा वेळ निघत नाही. ऑफिस सात किलोमीटरवर आहे. सायकलने जावंसं वाटतं, पण घामाघूम होऊन मीटिंगला बसणार कसं? आणि एकट्याने ऑफिसला जाण्यात मित्रांबरोबर भटकण्याची मजा कुठली?

उत्तर : वेगळा वेळ काढूच नका, जाण्यायेण्यात जो वेळ जातोच आहे तोच वापरा. सात किलोमीटर म्हणजे ताशी पंधराच्या आरामशीर वेगाने २८ मिनिटं. जाऊन-येऊन ५६. आठवड्यातून तीन दिवस गेलात तर १६८ मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जी शिफारस केली, ती आठवड्याला मध्यम दमाच्या १५० ते ३०० मिनिटांची आहे. म्हणजे तीन दिवसांत तुम्ही ती खालची रेघ ओलांडलीत, आणि गाडीने जाताना सिग्नलला जो वेळ मोडत होता तो वजा केला तर खर्ची पडलेला जादा वेळ फार उरत नाही. पाचही दिवस जायचा संकल्प मात्र करू नका. पहिल्याच आठवड्यात एक दिवस चुकतो आणि मग संकल्पच मोडल्यासारखा वाटतो.

घामाचं म्हणाल तर तो सायकलवर असताना फारसा जाणवत नाही, कारण समोरून वारा लागत असतो. तुम्ही थांबता, वारा थांबतो, पण अंग तापलेलंच असतं आणि मग घाम फुटतो. म्हणून शेवटचा किलोमीटर मुद्दाम रमतगमत मारायचा. पोचल्यावर लगेच कपडे बदलायचे नाहीत, दहा मिनिटं बसायचं, मग अंग पुसून बदलायचे. घाईने बदललेला शर्ट पाच मिनिटांत पुन्हा भिजतो. सॅक पाठीवर घेऊ नका, मागच्या कॅरिअरला लावा. निम्मा घाम पाठीचाच असतो. ज्या दिवशी गाडीने जाल त्या दिवशी आठवडाभराचे कपडे आणि टॉवेल नेऊन कपाटात ठेवून द्या.

आता सोबत. तुमच्या वाटेवर राहणारं कुणीतरी ऑफिसात असतंच, एकदा चौकशी करा. पण सोबत संध्याकाळच्या परतीला ठेवा. सकाळी प्रत्येकाच्या घरी वेगळा गोंधळ असतो आणि एकमेकांची वाट बघण्यात दोघांनाही लेट मार्क लागतो. संध्याकाळी तशी घाई नसते. दिवसभराचं सगळं बोलून होतं आणि घरी पोचेपर्यंत ऑफिस डोक्यातून उतरलेलं असतं. अंधार पडत असेल तर मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा हवाच. दोघं असलात तरी प्रत्येकाचे आपापले.

प्रश्न : ताई, ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर रविवारी सायकलिंगला जाऊ लागले आहे. ते सगळे जोरात जातात, मी मागे पडते. चढावर तर फारच. ते वर थांबतात, मी पोचले की "चला" म्हणून निघतात. कुणी काही बोलत नाही, पण आपण त्यांच्या गळ्यातलं लोढणं झालोय असं वाटतं. सोडून द्यावं का?

उत्तर : सोडू नका. तुमच्या पत्रातल्या त्या "चला"वर मात्र माझा राग आहे. जरा विचार करा. पुढचे लोक दहा मिनिटं बसलेत, पाणी प्यायलेत, फोटो काढलेत. तुम्ही धापा टाकत पोचलात आणि ते उठले. म्हणजे सगळ्यांत दमलेल्या माणसाच्या वाट्याला विश्रांती शून्य. पुढच्या टप्प्यात तुम्ही आणखी मागे पडणार हे उघड आहे, आणि त्यात तुमच्या ताकदीचा दोष नाही. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू करायचं, ही डोंगरातली जुनी रीत आहे. त्यांच्यातल्या सर्वांत बोलक्या माणसाला हे सांगून ठेवा, बाकीच्यांपर्यंत तोच पोचवेल. बहुतेकांच्या हे लक्षातच आलेलं नसतं.

आता थोडं शास्त्र, कारण ते कळलं की रांग कशी लावायची तेही कळतं. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या पुढे गेलात की तुमची बहुतेक ताकद समोरची हवा ढकलण्यात जाते, आणि वेग वाढवाल तशी ही हवा भलतीच महाग पडते. ताशी २० वरून २५ वर गेलं, की हवेशी झगडायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. पण कुणाच्या तरी मागे राहिलात तर हा भार बराच हलका होतो. तेव्हा सपाटीवर सगळ्यांत ताकदवान माणूस पुढे आणि तुम्ही त्याच्या पाठोपाठ, दुसऱ्या नंबरवर. तुम्ही आत्ता शेवटी राहता, एकट्या, भरवाऱ्यात. म्हणजे गटातली सर्वांत कमी ताकद असलेली व्यक्ती सर्वांत जास्त खर्च करतेय. मात्र नवीन असताना पुढच्याच्या चाकाला अगदी चिकटू नका. एका सायकलीएवढं अंतर ठेवा आणि तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही येऊ देऊ नका. चाकं एकमेकांना घासली तर पडतो तो मागचा.

चढावर हे सगळं फोल ठरतं. ताशी सात-आठच्या वेगाला हवा आडवी येत नाही. तिथे वजन विरुद्ध उतार असा सामना असतो आणि कुणी कुणाला आडोसा देऊ शकत नाही. म्हणून चढावर प्रत्येकाने आपापल्या दमाने जावं आणि माथ्यावर थांबावं. तुमच्यासाठी मुद्दाम हळू चढणाऱ्याचेही पाय भरून येतात, त्यालाही त्याच्या चालीने जाऊ द्या. तुम्ही हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच टाका. जोर लावून अडकल्यावर गिअर बदलायला गेलं की चेन कुरकुरते, कधी उतरतेही.

'बरोबर जायचं की आपापलं जायचं' हा वाद तुमच्या ऑफिसचा नाही, शंभराहून अधिक वर्षांचा आहे. आंरी देग्रांज या फ्रेंच संपादकाने १९०३ मध्ये टूर द फ्रान्स ही जगातली सर्वांत गाजलेली शर्यत सुरू केली. त्याच माणसाने १९०४ मध्ये फ्रान्समध्ये 'ऑडॅक्स' या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्यांचे नियम घालून दिले, आणि ते शर्यतीच्या पार उलटे होते. सगळ्यांनी एका गटाने, ठरावीक चालीने जायचं आणि चाल ठरवणाऱ्या रोड कॅप्टनच्या पुढे कुणीही जायचं नाही. पुढे १९२१ मध्ये दुसरी धारा निघाली, जो तो आपल्या वेगाने, फक्त ठरलेल्या मुदतीच्या आत. आज जगभर होणाऱ्या 'ब्रेव्हे' नावाच्या लांब फेऱ्या त्याच धारेतल्या, त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. तुमचे सहकारी मात्र पहिली सांगून दुसरी करताहेत. निघतानाच विचारा, "आज एकत्र की आपापलं?" आपापलं असेल तर खुशाल मागे राहा, रस्ता माहीत करून घ्या आणि पोचल्यावर भेटा. एकत्र असेल तर चालीची कसोटी अशी, की दुसऱ्या नंबरवरच्या माणसाला अख्खं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. तो "हं... हो..." वर आला, की कॅप्टनने चाल कमी करायची.

प्रश्न : ग्रुपमध्ये सामील व्हायचंय. कुठली सायकल घेऊ?

उत्तर : घरात जी असेल ती बाहेर काढा, ब्रेक, टायर आणि चेन दाखवून घ्या आणि दोन-तीन महिने तीच चालवा. मग तुम्हालाच कळेल काय हवंय. सीटची उंची मात्र आजच बघा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. (चालवताना पॅडलवर चवडा ठेवायचा, मग गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो.) शेजाऱ्याकडून आणलेल्या सायकलची सीट नेहमी खालीच असते आणि गुडघ्याचा पुढचा भाग दुखू लागतो. लोक म्हणतात सायकल मानवत नाही. बिघडलेली असते ती सीट.

प्रश्न : पत्र माझ्या नवऱ्याने लिहायला हवं होतं, पण तो दर रविवारी डोंगरावर असतो, म्हणून मी लिहितेय. पहाटे सहाला निघतो, "बारापर्यंत आलोच" म्हणतो आणि चारला येतो. मग झोपतो. व्यायाम चांगला, मित्र चांगले, सगळं मान्य. पण माझा रविवार कुठे गेला?

उत्तर : मी डोंगरवाल्यांच्या बाजूची, तरी या पत्रात पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. आधी त्या 'बारा'चा निकाल लावू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला. मेट्रिकमध्ये तो असा, दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा रविवारचा डोंगर जाऊन-येऊन १२ किलोमीटर आहे आणि चढ ९०० मीटरचा आहे. चालीचे दोन तास चोवीस मिनिटं, चढाचे दीड तास. झाले जवळजवळ चार. यात एकही थांबा धरलेला नाही. सहा मित्र असतील तर मी डोळे मिटून यात निम्मे आणखी मिळवते, म्हणजे सहा तास. त्यात पायथ्यापर्यंतचा प्रवास समजा दीड-दीड तासाचा. पहाटे सहाला निघालेला माणूस दुपारी तीनला घरी येतो. तुमचा नवरा बाराला येऊच शकत नव्हता, आणि हे त्याला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी निघायच्या आधी शनिवारी रात्री अंतर आणि चढ विचारा आणि वेळ तुम्हीच सांगा. नकाशाच्या अ‍ॅपवर दोन्ही आकडे मिळतात.

पण वेळ अचूक सांगितल्याने तुमचा रविवार परत येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, लहान मुलं किंवा आजारी माणसं घरात असताना दर रविवारचा पूर्ण दिवस एकाने उचलून न्यायचा नसतो. महिन्यातला एक मोठा रविवार त्याचा, एक तुमचा, आणि तुमच्या रविवारी घर त्याने पूर्ण सांभाळायचं. तुम्ही कुठे जाताय ते त्याने विचारायचंही नाही. डोंगरावरच जायला हवं असं नाही, झोपा काढल्यात तरी हरकत नाही. उरलेल्या रविवारी त्याने पहाटे सायकल काढावी आणि घर उठायच्या आत परत यावं. हे खरोखर जमतं. आमच्या बुधवारच्या मंडळींतले निम्मे जण बुधवार पाळतात ते रविवार घरी द्यायचा म्हणूनच.

आणि आल्यावर झोपायचं नाही. निदान सॅक स्वतः रिकामी करून, बूट धुऊन मग.

प्रश्न : मी विभागप्रमुख आहे. विभागात तणाव फार आहे. महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन ट्रेकला जावं, असा विचार आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : 'सगळ्यांना घेऊन' हे दोन शब्द आधी खोडा. साहेबांनी बोलावलेल्या ट्रेकला आपखुशी अशी नसते. कुणाला दमा असतो, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला फक्त सुट्टी घरी घालवायची असते, आणि यातलं काहीही तुम्हाला सांगायची त्यांची इच्छा नसते. तेव्हा परिपत्रक नको, हजेरी नको, फोटो सूचना फलकावर नकोत आणि सोमवारी "काल दिसला नाहीत?" तर अजिबात नको. विभागात आधीच डोंगर चढणारं कुणीतरी असेल, बहुधा वयाने आणि पदाने खालचं. त्यांनी आखू द्या, तुम्ही सामील व्हा. त्या दिवशी निर्णय त्यांचा. अमुक वाजता परत फिरायचं असं त्यांनी ठरवलं असेल, तर माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी तुम्हीही फिरायचं. जागा तुमची शेवटची. शेवटच्या माणसाबरोबर चालणारा साहेब असला की मागे पडण्याची लाज आपोआप जाते.

तणावाचं कारण मात्र कामाच्या वाटपात असेल, तर ते डोंगरावर जाऊन सुटणार नाही. ते ऑफिसातच बघावं लागेल.

प्रश्न : चढताना काही होत नाही. उतरून आलं, की दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरतात की जिना उतरता येत नाही. वय एकोणपन्नास. वयामुळे असेल का?

उत्तर : विशीतल्यांच्याही मांड्या भरतात, ते सांगत नाहीत एवढंच. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असल्यासारखा. दम लागत नाही म्हणून काम हलकं वाटतं, पण स्नायूच्या धाग्यांना यातच जास्त इजा होते. दुखणं लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि आठवडाभरात जातं. चांगली गोष्ट अशी, की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे स्नायू त्याच उताराला चांगला तोंड देतो. म्हणूनच तीन महिन्यांतून एक दणदणीत ट्रेक करणाऱ्यांचं दर वेळी दुखतं आणि महिन्याला एक छोटा करणाऱ्यांचं कमी.

मधल्या काळात ऑफिसचे जिने उतरून या. चढायला लिफ्ट वापरलीत तरी चालेल, लोक हसतील तर हसू द्या. डोंगरात उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, टाचा रोवत धावू नका. दोन काठ्या घेतल्या तर गुडघ्यांवरचा भार कमी होतो. दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं असेल तर काळजी नको. एकाच गुडघ्यात असेल, सूज असेल किंवा आठवड्यानंतरही उरलं असेल, तर पुढच्या ट्रेकच्या आधी डॉक्टरांना दाखवा.